दर्भाचा कावळा

आवाज आधी यायचा आणि रिक्षा नंतर. दुपारची जेवणं होऊन लासुर्ण्याचा रस्ता सुस्तावला की उसाच्या पलीकडून कुठूनतरी भीमराव बोलायला लागायचा. ऊस पुरुषभर उंच झालेला, त्यामुळे रिक्षा दिसायची नाही. नुसता आवाज फडावरून सरकत यायचा, वाऱ्याबरोबर कमीजास्त व्हायचा आणि वळणावर आला की एकदम स्पष्ट व्हायचा.

"रामराम मंडळी. मी तुमचा भीमाआबा बोलतोय."

भीमराव उन्हाळ्यात वारला होता. खांदा देणाऱ्यांत मीही होतो. म्हणजे गर्दीत कुणीतरी मला पुढे ढकललं होतं.

भीमराव कुस्तीचा निवेदक होता. बारामती आणि इंदापूर तालुक्यात कुठल्याही यात्रेचा आखाडा असला की हलगीच्या जोडीला त्याचा आवाज ठरलेला. पैलवान कुठला, वस्ताद कोण, डाव कोणता पडला, हे तो असं सांगायचा की मागच्या रांगेतल्या माणसाला कुस्ती दिसली नाही तरी चालायचं. निवृत्त होईपर्यंत मी बारामतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा घसा बसतो. त्याच्याजवळ आवाज होता आणि शब्द संपायचे. माझ्याजवळ शब्द पडून होते आणि आवाज नव्हता. बारामतीला आला की तो वाचनालयात माझ्या टेबलासमोर बसायचा आणि म्हणायचा, काहीतरी नवं द्या की. मी बिचकत एखादी ओळ द्यायचो. पुढच्या यात्रेत ती ओळ हजारो माणसांच्या डोक्यावरून घुमत जायची. मी मागे, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभा राहून ऐकायचो. ती माझी आहे हे कुणाला ठाऊक नसायचं, आणि मला तेच बरं वाटायचं.

त्यातली एक ओळ लोकांना पाठ झाली होती: पडलेल्याच्या पाठीची माती आधी झटका, मग जिंकलेल्याच्या गळ्यात हार घाला.

आता तीच ओळ रिक्षाच्या भोंग्यातून येत होती.

"पडलेल्याच्या पाठीची माती आधी झटका, हे मी आयुष्यभर सांगितलं. आज आपल्या गावांच्या पाठीला माती लागलीय. वरची गावं आपलं पाणी पळवायला निघालीत. घराघरातनं माणूस उठलंय. तुमी एकटंच मागं राहणार का? सौर मोटरीचं काम ऋषिराजच पुरं करंल. माझी शेवटची इच्छा समजा."

आमच्या सहा गावांची नदीवरून पाणी उचलणारी एक सहकारी संस्था आहे, तिची निवडणूक लागली होती. ऋषिराज हा भीमरावचा सख्खा पुतण्या, एका पॅनेलचा प्रमुख. त्याच्याविरुद्ध वरच्या तीन गावांचं पॅनेल होतं. पाणी कुणी पळवणार नव्हतं. पाइप जिथे आहे तिथेच राहणार होता. पण पाणी पळवणार म्हटलं की आमच्याकडे माणूस अंथरुणातून उठून बसतो.

वाचनालयात माझा एक फळा होता. त्यावर मी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, प्रचाराची पत्रकं टाचायचो आणि तांबड्या पेन्सिलीने खाली रेघा मारायचो. इथे कुणाचं नाव उसनं घेतलंय? इथे कशाची भीती घातलीय? 'सगळे' म्हणजे नेमके कोण? आणि काय सांगायचं टाळलंय? मुलं बहुतेक जाहिरातीतली चित्रं बघायला थांबत. त्या भोंग्यातल्या प्रत्येक वाक्याखाली मला तांबडी रेघ मारता आली असती. मेलेल्या माणसाचं नाव, पाण्याची भीती, घराघरातनं उठलेली माणसं. आणि सौर मोटर. तो विषय संस्थेत निघाला तेव्हा भीमरावला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, त्याची वाचा गेलेली होती. म्हणजे हे तो बोललाच नव्हता. एवढं सगळं कळत असताना 'रामराम मंडळी' ऐकू आलं की मी ताट तसंच ठेवून दारात यायचो.

शब्द माझे, आवाज त्याचा, आणि बोलत दोघांपैकी कुणीच नव्हतं.

त्याच आठवड्यात भीमरावच्या पत्नी मुक्तावहिनींनी निरोप धाडून मला वस्तीवर बोलावलं. भीमरावची वस्ती रस्त्यालगतच आहे. मी पोचलो तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या, डोईवरचा पदर नीट केलेला, आणि भिंतीच्या कठड्यावर कपबशी झाकून ठेवलेली. चहा माझ्यासाठी असेल असं मला वाटलं. तेवढ्यात रिक्षा आली. चालवणारा सुयोग हा ओळखीतलाच मुलगा, तो बिचारा मान खाली घालून रिक्षा हळू करत होता. भीमरावचं कुत्रं धावत गेलं, रिक्षाभोवती फिरलं, चाकांचा, सीटचा वास घेतला आणि शेपूट न हलवता परत येऊन खाटेखाली बसलं. आवाज पुढच्या वस्तीकडे निघून गेल्यावर वहिनींनी कपातला चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला.

मग त्यांनी सांगितलं. ऋषिराज म्हणाला होता की आबांनी दुखण्याच्या आधीच हे सगळं बोलून ठेवलंय. शुक्रवारी देवळापुढे पॅनेलची शेवटची सभा होती. त्यात वहिनींनी स्टेजवर बसायचं आणि ही आमच्या मालकांचीच इच्छा होती, एवढंच माइकवर म्हणायचं.

दवाखान्यातले ते महिने मला आठवत होते. भीमराव ओठ हलवायचा आणि घशातून नुसता घरघर आवाज यायचा. वहिनी त्याच्या तोंडाशी कान लावून बसायच्या. काय म्हणतो, असं विचारलं की म्हणायच्या, कळत न्हाय, पर कायतरी सांगायचं हाय त्यांला. ते सांगणं राहूनच गेलं. दहाव्याला नीरेच्या काठावर पिंड ठेवला, तर बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. घरातल्या एकेकाने पुढे होऊन शब्द दिला. ऋषिराज म्हणाला, आबा, काकींना अंतर देणार नाही. मलाही कुणीतरी पुढे केलं. मी काय पुटपुटलो ते मलाच ऐकू आलं नाही. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववून विधी उरकला. परत येताना सगळे एकमेकांशी उगीचच पिकापाण्याचं बोलत होते.

"लोकांसाठी एवढं बोलून ठेवलं," वहिनी म्हणाल्या, "आन माझ्यासाठी एक शब्द न्हाय?"

त्यांनी रिकामी कपबशी कठड्यावर ठेवली.

"त्यांची इच्छा असंल तर मी म्हणंन स्टेजवर. कावळा शिवला न्हाय तो ह्याच्यापायीच, असं समजंन. पर त्यांचीच हाय का, तेवढं मला सांगा, भावजी. तुमी वाचणारी माणसं."

सौर मोटरीचं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण बुंध्याशी ओतलेल्या चहाची वाफ अजून निघत होती. तो आवाज खोटा आहे म्हटलं तर उद्या त्या फाटकाशी कशासाठी उभ्या राहतील, असं मनात आलं. शिवाय माझं काय, चुकतही असेन. मी म्हणालो, चौकशी करून सांगतो.

दुसऱ्या दिवशी एसटीने इंदापूरला गेलो. बसस्थानकाजवळ फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ऋषिराजचं कार्यालय होतं. खोलीभर भीमराव होता. गुंडाळलेला, भिंतीला टेकवलेला, ओल्या शाईचा, एकावर एक रचलेला. प्रत्येक फ्लेक्सवर त्याचे डोळे थोडे मोठे केले होते. दारातून आत येईपर्यंत ते सगळे माझ्याकडे बघत होते.

ऋषिराजने खुर्ची दिली, चहा मागवला. माझा विद्यार्थी नव्हे, पण त्याच महाविद्यालयात शिकलेला. मी चाचरत विचारलं तेव्हा त्याने काहीच लपवलं नाही. आबांच्या कुस्त्यांची रेकॉर्डिंगं इंटरनेटवर ढिगानं पडलीत सर, म्हणाला, तेवढी कॉम्प्युटरला ऐकवली की झालं. आपण लिहायचं, आबा बोलतात. त्यात वाईट काय? समोरचं पॅनेल धुतल्या तांदळाचं आहे का? आपल्या भागाचं भलंच होणार आहे ना? आणि हसत म्हणाला, "हे सगळं मी तुमच्या फळ्यावरूनच शिकलो की. बाकीची पोरं चित्रं बघायची, मी तुमच्या तांबड्या रेघा वाचायचो."

ते त्याने मनापासून, कौतुकानेच म्हटलं. मी इतकी वर्षं समजत होतो की त्या रेघांनी मुलं सावध होतील. ज्याला त्या कळल्या त्याला त्यातून प्रचार करायची कृती कळली होती.

भीमराव कधी कुणाच्या प्रचाराला गेला नाही, एवढं मी कसंबसं बोललो. आखाड्यात दोन्ही पैलवानांची नावं सारख्याच आवाजात घ्यावी लागतात, एकदा एकाचं नाव मोठं घेतलं की निवेदक संपला, असं तो म्हणायचा. ऋषिराज म्हणाला, बरोबर आहे सर, म्हणून तर लोक त्यांचा शब्द मानतात. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला की आमच्या मजकुरात दम नाही. आबांच्या आवाजाला तुमचेच शब्द हवेत. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं? स्तुती, आपलेपणा, गावाचं भलं. एकेक तांबडी रेघ मला दिसत होती आणि तरीही आतून बरं वाटत होतं. माझ्या ओळी माझ्या आहेत हे आजवर कुणी बोललंच नव्हतं.

त्याने फोनवर काहीतरी लिहिलं आणि फोन टेबलावर ठेवला. भीमराव म्हणाला, "नमस्कार मित्रा, कसा आहेस?"

अंगावर काटा आला. पण आवाज ओळखीचा आणि वाक्य परकं, हे मला सोसेना. एखादं पुस्तक चुकीच्या कप्प्यात दिसलं की हात आपोआप जातो, तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "असं नाही. तो मला पुस्तकराव म्हणायचा."

ऋषिराजची बोटं हलली.

"काय पुस्तकराव, लई दिसानं आलात?"

मी उठलो. चहा तसाच राहिला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो, तर शेजारच्या बाईने विचारलं की बरं वाटत नाही का. मी हो म्हणालो. भीमरावने मला त्या नावाने लोकांसमोर कधी हाक मारली नव्हती. वाचनालयात, नाहीतर त्याच्या अंगणात, वहिनी भाकऱ्या थापत असताना. ते नाव आम्हा तिघांतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा आमच्या गल्लीत शिरली. मी दारातच होतो.

"आन आमचं पुस्तकराव, बारामतीच्या कॉलेजचं ग्रंथपाल, त्येबी आपल्यासंगं हायेत बरं का. काय पुस्तकराव, येणार न्हवं शुक्रवारी?"

समोरच्या किराणा दुकानातली माणसं माझ्याकडे बघून हसली. कौतुकानेच हसली. दुकानदार म्हणाला, सर, तुम्ही छुपे रुस्तम निघालात की. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात रिक्षा पुन्हा वळली आणि मेलेल्या माणसाने मला पुन्हा हाक मारली. मी आत जाऊन दार लावलं. त्या हाकेला एकदा मी ओ दिली, हे सांगायला मला लाज वाटते, पण दिली. दाराआड, हळूच.

सकाळी वस्तीवर गेलो. मुक्तावहिनी अंगण झाडत होत्या. मला बघून त्यांनी झाडू टाकला. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी पाहिला नव्हता.

"ऐकलं मी. पुस्तकराव म्हणलं. ते नाव दुसऱ्या कुणाला ठावं व्हतं? त्यांनीच बोलून ठेवलंय, भावजी. माझा संशय फिटला." मग जरा थांबून, अंगणाकडे बघत म्हणाल्या, "तुमाला हाक मारली. मला न्हाय मारली."

तेव्हा मी सगळं सांगितलं. एका दमात नाही, अडखळत. फोनवर लिहिलं की आवाज कसा निघतो ते. सौर मोटरीचं. पुस्तकराव हे नाव मीच कसं देऊन आलो ते. भीमरावने काहीच बोलून ठेवलेलं नाही, ना लोकांसाठी, ना कुणासाठी. बोलताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. कुत्र्याकडे बघत बोललो.

शेवटी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उजेड गेला होता, पण दुसरं काहीतरी तिथे आलं होतं, ते मला वाचता येईना.

"म्हंजी मला टाळून लोकांशी बोलले, असं न्हाय."

"नाही."

"बरं."

त्यांनी झाडू उचलला. अंगणाचा राहिलेला कोपरा झाडून काढला. मग विचारलं, "फोनवर लिहिलं की लगीच बोलत्यात?" मी होय म्हणालो. शुक्रवारी जाऊ नका, असं मला सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, जाणार. मला वाटलं, मी काहीच नीट समजावून सांगू शकलो नाही. असं पूर्वीही पुष्कळदा झालं आहे.

शुक्रवारी उन्हं कलताना देवळापुढे सभा भरली. मी पिंपळाच्या कट्ट्यामागे उभा राहिलो. स्टेजच्या मागे भीमरावचा सर्वांत मोठा फ्लेक्स होता, आणि त्याच्या पायाशी खुर्चीत मुक्तावहिनी, अगदी लहान दिसत होत्या. भाषणं झाली. मग सगळ्यांना शांत बसवून भीमरावचा आवाज लावला. रामराम मंडळी म्हणताच गर्दीतून काही म्हाताऱ्यांनी खरोखर रामराम केला. एकाने टोपी काढली. शेवटी पुन्हा माझं नाव आलं आणि आजूबाजूची माणसं मला शोधू लागली.

ऋषिराजने वहिनींच्या हातात माइक दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"ऋषिराज, त्यांला माझ्यासंगं बोलायला लाव."

ऋषिराज हसून म्हणाला, काकी, ते आधीचं रेकॉर्डिंग आहे.

"पुस्तकरावांसंगं परवा नवं बोलले की. फोनवर लिहिलं की बोलत्यात म्हणं. माझ्याशीबी बोलू द्या. एवढ्या सगळ्यांसंगं बोलत्यात."

स्टेजवरची पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतला एक, ज्याला त्या करामतीचा अभिमान असावा, म्हणाला, दाव की दादा. नाही म्हणावं तर काकीचं मन मोडलं असं दिसणार, म्हणून ऋषिराजने खिशातून फोन काढला. तो वहिनींकडे वाकला आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. पण माइक त्यांच्या हातात होता. त्याचं कुजबुजणं सगळ्या भोंग्यांतून बाहेर पडलं.

"काकी, आबा तुमाला काय म्हणून हाक मारायचे?"

देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले.

"ते मी तुला सांगायची न्हाय," वहिनी म्हणाल्या.

ऋषिराजने घाईघाईने काहीतरी लिहिलं आणि फोन माइकसमोर धरला. मायेने भरलेला, जड, अगदी हुबेहूब भीमराव बोलला. "मुक्ता, मी तुझा भीमा. रडू नकोस."

पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले. पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आबानं जन्मात कधी नाव घेतलं व्हतं का रं तिचं?" आमच्याकडे त्या पिढीतला नवरा बायकोचं नाव घेत नाही, आणि चारचौघांत तर नाहीच. हे ऋषिराजलाही ठाऊक होतं. घाईत विसरला. हसू सगळ्या मंडपात पसरलं, आणि मग कुणी न सांगता थांबलं, कारण वहिनी हसत नव्हत्या.

त्या फोनकडे बघत होत्या. मला एक क्षण वाटलं, त्या त्याला उत्तर देतील.

"दहाव्याला कावळा शिवना," त्या म्हणाल्या, "तवा गुरुजींनी गवताचा केला. आमी सगळ्यांनी तो कावळाच म्हणला. पर गुरुजींचा हात सगळ्यांला दिसत व्हता." थोडं थांबून म्हणाल्या, "ह्याला बोलावणारा हात आज दिसला. माणूस गेलंय. मत ज्याला द्यायचं त्याला द्या."

माइक खुर्चीवर ठेवून त्या खाली उतरल्या.

निवडणूक ऋषिराजच्या पॅनेलने जिंकली, थोड्या मतांनी. काही दिवसांनी तो स्वतः वहिनींच्या पाया पडून गेला. माझ्या फोनवरही त्याने एक आवाजी संदेश पाठवला. खाली लिहिलं होतं: सर, आठवण म्हणून राहू द्या, आबांनी तुम्हाला मारलेली हाक.

आता रिक्षा येत नाही. तरी जेवण झालं की माझा कान उसाकडे लागतो. वारा फडातून फिरला की पानांची सळसळ होते, आणि त्या सळसळीच्या आत, वळणाच्या अलीकडे, कुणीतरी बोलायच्या बेतात आहे असं वाटतं. ऊस तुटून गेला की हे थांबेल असं मी धरून चाललो होतो. ऊस गेला. रान मोकळं झालं, रस्ता थेट दिसायला लागला, आणि तरी ते थांबलं नाही.

परवा वस्तीवर गेलो होतो. वहिनी फाटकाशी बसल्या होत्या, कुत्रं पायाशी. त्यांनी चहा दिला, या वेळी मला. आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. नेहमीची वेळ झाली तशी कुत्र्याने मान वर केली, कान ताठ केले, आणि बराच वेळ तसंच राहिलं. आम्ही दोघेही हललो नाही.

"तुमच्याकडं हाय का अजून, ते हाक मारलेलं?" वहिनींनी विचारलं.

मी हो म्हणालो. उघडलेलं नाही, पुसलेलंही नाही, असं सांगितलं.

त्यांनी रिकामी कपबशी माझ्या हातातून घेतली.

"ऐकलंत तर मला सांगू नका," त्या म्हणाल्या, आणि फाटक लावून आत गेल्या.